निरक्षर जासूद

इ. स. १८४४ च्या वसंतात, लंडनमध्ये आश्रयास राहिलेल्या जोसेफ मॅझिनीला आपल्या टपालाविषयी संशय येऊ लागला. पत्रे नेमाने उशिरा पोचत, आणि पाकिटावरील टपालखात्याच्या शिक्क्यावर दुसरा शिक्का अशा बेताने उठवलेला असे की पहिल्याची वेळ कोणास वाचता येऊ नये. इटलीचा हा देशत्यागी पुढारी षड्यंत्रांत मुरलेला असल्यामुळे त्याने आरडाओरड केली नाही. स्नेह्यांना त्याने एवढेच सांगितले की, मला पत्र धाडताना पाकिटात खसखशीचे चार दाणे, वाळूचे कण किंवा डोक्याचा एखादा केस घालीत जा. पत्रे आली. मजकूर शाबूत होता, पाकीटही वरून जसेच्या तसे होते. खसखस तेवढी नव्हती.

१४ जून रोजी टॉमस डन्कम्ब या सभासदाने मॅझिनी व त्याचे सोबती यांची दरखास्त हाउस ऑफ कॉमन्ससमोर मांडली, तेव्हा गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांना वॉरंट काढल्याचे नाकारता आले नाही, आणि तपशील सांगण्याचीही त्यांची तयारी नव्हती. त्यानंतरचे काही महिने इंग्लंडात जो गदारोळ उठला त्याचे वर्णन वाचताना आजही मौज वाटते. एरवी मॅझिनीच्या मतांशी फारसे सख्य नसलेल्या टॉमस कार्लाइलने ‘टाइम्स’ला पत्र लिहून, मोहरबंद पत्र ही पवित्र वस्तू आहे आणि ते उघडणे हे खिसेकापूपणाच्या जातीचे कृत्य आहे, अशा आशयाचे खडे बोल सुनावले, ‘पंच’ने ग्रॅहॅम यांच्या नावाने पाकिटावर डकवण्याच्या टिकल्या काढल्या, आणि त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रियाच्या आरमारातून फुटून निघालेले बांदिएरा बंधू कालाब्रियात उतरून पकडले जाऊन गोळ्या घालून मारले गेले, तेव्हा त्यांचा बेत लंडनच्या टपालखात्यातूनच फुटला असला पाहिजे असा आरोप होऊन विनोदाला एकाएकी रक्ताचा रंग चढला. चौकशीसाठी गुप्त समित्या बसल्या. पत्रे फोडण्याची वहिवाट शतकांची जुनी असल्याचे त्यांना आढळले. टपालखात्यातील गुप्त कचेरी व तिला जोडलेले सांकेतिक लिपी उलगडण्याचे दप्तर त्याच वर्षी बंद झाले. वॉरंट काढण्याचा अधिकार मात्र कोणी काढून घेतला नाही.

मराठी वाचकाला मॅझिनी परका नाही. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याच्या आत्मचरित्राचा केलेला अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लवकरच सरकारच्या रोषास पात्र ठरला; ज्याची पत्रे एका सरकारने फोडली त्याचेच पुस्तक त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जप्त व्हावे यात एक प्रकारची सुसंगती आहे. खसखशीच्या प्रकरणापासून इंग्रजांनी हिंदुस्थानापुरता बोध घेतला तो एवढाच, की जे करावयाचे ते कायद्यात लिहून ठेवून करावे. १८९८ च्या टपाल कायद्याचे २६ वे कलम सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणासाठी टपाल अडवण्याची मुभा सरकारला देत होते, आणि स्वातंत्र्यानंतरही ते तसेच चालू राहिले. १९८६ मध्ये हा अधिकार आणखी रुंद करणारे विधेयक संसदेने मंजूर करून राष्ट्रपती झैलसिंग यांच्याकडे पाठवले, तेव्हा त्यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही धाडले नाही. नुसते टेबलावर ठेवून दिले. आमच्या लोकशाहीत काही वेळा मोठी कामे अशी स्वस्थ बसून होतात.

तथापि राष्ट्रपतीचे टेबल हे काही पत्रांचे कायमचे कुलूप नव्हे. टपाल वाहणारा जोवर ते वाचू शकतो तोवर आज ना उद्या कोणी तरी हुकूमनामा घेऊन त्याच्या दारात उभा राहणारच, आणि मग त्याचा प्रामाणिकपणा, त्याची शपथ, त्याचे पोटापाण्याचे पाश या सर्वांची परीक्षा एकदम होणार. रेशमी थैलीत खलिता घालून, वर लाख तापवून मोहर उठवून जासुदाच्या हाती देताना जुन्या कारकुनांना याची जाणीव नव्हती असे नाही; पण मोहर सांगते ती इतकेच, की थैली कोणी फोडली किंवा फोडली नाही. फोडल्यावर आत जे असेल ते वाचता येऊ नये अशी तजवीज करणे, म्हणजे जासुदाला त्या एका पत्रापुरते निरक्षर करून सोडणे, ही विद्या निराळी आहे. ती राजेरजवाड्यांच्या व वकिलातींच्या कोठारातून बाहेर पडून सामान्य माणसाच्या टपालापर्यंत येण्यास विसावे शतक सरत यावे लागले.

विजेवर चालणारे पत्र, ज्याला आपण आता सुखाने ईमेल म्हणतो, ते १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर प्रथम धाडले तेव्हा त्याला पाकीटच नव्हते. ते वाटेत ज्या ज्या यंत्रातून जाई त्या त्या यंत्राच्या मालकाला उघडे दिसे. खेड्यात पोस्टमन पडवीत टेकून एखाद्या म्हातारीला तिच्या मुलाचे कार्ड वाचून दाखवी, त्या व्यवस्थेत आणि या व्यवस्थेत तत्त्वतः फरक नव्हता; फरक एवढाच, की पोस्टमन वाचतो आहे हे म्हातारीला समोर दिसत असे.

पाकिटाची अडचण जुनी होती. सांकेतिक लिपीत लिहिलेले पत्र ज्याला वाचावयाचे त्याच्याजवळ संकेताची किल्ली आधीच असावी लागते, आणि ती किल्ली पोचवावयाची म्हणजे पुन्हा एक विश्वासू जासूद शोधणे आले. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या दोघांनी या अडचणीला असा फाटा दिला की किल्ल्याच दोन असाव्यात, एकीने कुलूप लागावे आणि दुसरीने ते उघडावे. पहिली चव्हाट्यावर टांगून ठेवावी, दुसरी कोणास देऊ नये. म्हणजे मी माझी उघडी कुलपे बाजारात वाटून ठेवली तर कोणीही अनोळखी मनुष्य त्यातले एक उचलून आपल्या पेटीला लावील व पेटी मजकडे धाडील. लावल्यानंतर त्याला स्वतःलाही ते उघडता येणार नाही. असे कुलूप प्रत्यक्ष घडवले मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेतील रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी, १९७७ मध्ये, आणि तेही शाळकरी गणिताच्या पायावर. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार करून ३२३३ आणणे हे पाटीवरचे काम आहे. पण कोणी नुसते ३२३३ पुढे टाकून त्याचे अवयव विचारले, तर मनुष्य काही वेळ डोके खाजवीत बसतो. संख्या शेकडो अंकांची घेतली म्हणजे डोके खाजवण्याचा काळ युगांत मोजावा लागतो, असा त्यांचा दावा होता. त्यांनी १२९ अंकांची एक संख्या व १०० डॉलरांचे बक्षीस जाहीर केले, आणि कोट्यवधी वर्षे लागतील असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक जुंपून ती फोडली. संख्या अधिक लांब घ्यावी, एवढाच याचा अर्थ. पुढे असेही उघडकीस आले की ब्रिटिश सरकारच्या गुप्त कचेरीतील जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स व माल्कम विल्यमसन यांनी हे सर्व काही वर्षे आधीच शोधून दप्तरात बंद करून ठेवले होते. १८४४ मध्ये सांकेतिक लिपीचे दप्तर मोडणाऱ्या सरकारची ही नातवंडे.

विद्या झाली, पण ती विद्यापीठांत व पेढ्यांत राहिली. ती घरात आणणारा मनुष्य गणिती नव्हता, धनिकही नव्हता. फिलिप झिमरमन हा कोलोरॅडोतील बोल्डर गावी राहणारा, अण्वस्त्रविरोधी चळवळीत तुरुंगाचा अनुभव घेतलेला, पोटासाठी संगणकाची कामे करणारा गृहस्थ होता. १९९१ च्या आरंभी अमेरिकन सिनेटपुढे आलेल्या एका विधेयकात असे एक वाक्य होते की दळणवळणाची साधने पुरवणाऱ्यांनी, कायद्याचा अधिकार असेल तेव्हा सरकारला मूळ मजकूर मिळेल अशी व्यवस्था ठेवावी. ते वाक्य बंधनकारक नव्हते आणि शेवटी गळालेही. परंतु हा दरवाजा लागण्यापूर्वी आपण पलीकडे गेले पाहिजे असे झिमरमनच्या मनाने घेतले, घराच्या कर्जाचे हप्ते थकले तरी तो हातातले काम सोडीना, आणि जूनमध्ये त्याची ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’, म्हणजे पीजीपी, तयार झाली. बरी म्हणता येईल इतकी गोपनीयता, असे हे विनयी नाव त्याने रेडिओवरील एका विनोदी कार्यक्रमातल्या काल्पनिक किराणा दुकानावरून उचलले होते. ती लोकांपर्यंत पोचवण्याचे काम एका मित्राने केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती मोटार घेऊन हा मित्र सार्वजनिक टेलिफोनाच्या एका खोक्यापासून दुसऱ्याकडे जाई, छोटा संगणक टेलिफोनास जोडून काही मिनिटे प्रती धाडी, आणि सरकार आड येण्याच्या आत पुढच्या खोक्याकडे निघे. एवढी खबरदारी अनाठायी होती की नाही हे कोण सांगणार? धास्ती मात्र खोटी नव्हती.

त्या पहिल्या आवृत्तीचे कुलूप खरोखर कच्चे होते हे सांगितले पाहिजे. मजकूर गुंतवण्याची रीत झिमरमनने स्वतः रचली होती आणि तिचा त्याला अभिमानही होता. परंतु एली बिहाम या तज्ज्ञाने ती पाहताच तिच्यातील छिद्रे दाखवली. येथे या माणसाची थोरवी दिसते. त्याने वाद घातला नाही; १९९२ च्या सप्टेंबरात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने स्वतःची रीत काढून टाकून झुरिकच्या संशोधकांची पारखलेली रीत घातली. गुप्तविद्येत आपली कल्पना सोडता येणे हा गुण कल्पना सुचण्यापेक्षा दुर्मीळ आहे.

१९९३ च्या फेब्रुवारीत जकातखात्याचे तपासनीस त्याच्या दारी आले. जकात कशाची, तर शस्त्रांची. कारण अमेरिकन कायद्यात दणकट कूटलेखन हे तोफा, रणगाडे व दारूगोळा यांच्याच यादीत होते, आणि ते परवान्याशिवाय देशाबाहेर जाणे म्हणजे शस्त्रांची चोरटी निर्यात. पीजीपी तर एव्हाना साऱ्या जगात पसरली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, मॉस्कोत येल्त्सिनच्या तोफा संसदेच्या इमारतीवर चालत असताना, लॅटव्हियातून एकाने झिमरमनला लिहिले होते की रशियात हुकूमशाही आलीच तर बाल्टिकपासून अतिपूर्वेपर्यंत पसरलेले तुमचे साधन लोकशाहीवाद्यांच्या उपयोगी पडेल. एकीकडे असली पत्रे आणि दुसरीकडे वकिलांची बिले, अशा अवस्थेत या माणसाची तीन वर्षे गेली.

मग मॅसॅच्युसेट्सच्या त्याच तंत्रसंस्थेच्या प्रकाशनगृहाने एक गमतीचे पुस्तक छापले. १९९५ मध्ये निघालेल्या या ग्रंथात पीजीपीची सबंध मूळ संहिता, यंत्राला सहज वाचता येतील अशा टंकात, पानांमागून पाने छापली होती. तिच्यात एकही वाक्य मनुष्याने सुखाने वाचावे असे नव्हते. चकती परदेशी धाडली तर ती शस्त्रनिर्यात. पुस्तक धाडले तर ते मुद्रणस्वातंत्र्य. परदेशातील कोणी पुस्तकाची शिवण उसवून पाने यंत्राखाली धरली की शस्त्र पुन्हा तयार, आणि पुढच्या आवृत्त्यांच्या बाबतीत युरोपातील उत्साही मंडळींनी हजारो पाने खरोखरच अशी यंत्राखालून काढली. ११ जानेवारी १९९६ रोजी सरकारने काही कारण न देता चौकशी थांबवली. कोणताही आरोप ठेवला गेला नाही.

येथे ही कथा संपली असती तर ती विजयकथा झाली असती. पण जगाला कुलूप मिळाले म्हणून जगाने ते लावले असे झाले नाही. १९९९ मध्ये आल्मा व्हिटन व जे. डी. टायगर या दोन संशोधकांनी १२ माणसांना, प्रत्येकी दीड तास देऊन, पीजीपीने एक गुप्त निरोप पाठवण्यास बसवले. ती सर्व ईमेल वापरणारी, चांगली शिकलेली माणसे होती. तिघांनी गुपित उघड्यावरच पाठवून दिले. सात जणांनी पत्र घेणाऱ्याच्या कुलपाऐवजी स्वतःचेच कुलूप त्याला लावले, म्हणजे ज्याला ते धाडले त्याला ते उघडताच येऊ नये. आणि वेळ संपली तेव्हा जेमतेम एक तृतीयांश मंडळींनी काम नीट पार पाडले होते. दोष माणसांचा नव्हता. कुलूप करणाऱ्यांनी कुलूपविद्येचा विचार केला होता, बोटांचा केला नव्हता.

तेव्हा मधला मार्ग निघाला. कुलूप लावण्याचे काम सेवा देणाऱ्या कंपनीने करावे, माणसाने फक्त परवलीचा शब्द लक्षात ठेवावा. कॅनडात व्हॅन्कुव्हर येथे १९९९ मध्ये सुरू झालेली हशमेल ही यातली नावाजलेली. सोयीसाठी तिने अशी एक पद्धत ठेवली होती की परवलीचा शब्द क्षणभर कंपनीच्या यंत्रात येई व तेथेच कुलूप उघडे. आणि हुकूमनाम्याला एक क्षण पुरतो. २००७ मध्ये उघड झाले की स्टेरॉइडांच्या बेकायदा व्यापाराच्या एका खटल्यात, कॅनडाच्या न्यायालयाच्या आज्ञेवरून, कंपनीने उलगडलेल्या पत्रांच्या १२ चकत्या तपासनीसांच्या स्वाधीन केल्या. जासूद निरक्षर असल्याची ग्वाही होती. त्याला अक्षरओळख होती.

२०१२ च्या डिसेंबरात रिओ द जानेरोत राहणाऱ्या ग्लेन ग्रीनवाल्ड या वार्ताहराला ‘सिनसिनाटस’ अशी सही करणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचे ईमेल आले, की तुम्ही पीजीपी बसवून घ्या म्हणजे मला काही कळवता येईल. ग्रीनवाल्ड कामात होता. त्याने ते पुढे ढकलले. त्या माणसाने पायरीपायरीने सूचना लिहून पाठवल्या, मग १२ मिनिटांची चित्रफीत तयार करून धाडली. तरीही काही झाले नाही, तेव्हा कंटाळून तो लॉरा पॉइट्रस या चित्रपटकर्तीकडे वळला, जिला ही विद्या अवगत होती. अमेरिकन सरकारच्या गुप्त टेहळणीची कागदपत्रे पुढे उघड करणारा तो एडवर्ड स्नोडेन होता. व्हिटन आणि टायगर यांच्या त्या बारा जणांत तेराव्याची भर पडली असे म्हणावे, आणि या तेराव्याच्या आळसापायी शतकातील सर्वांत मोठी बातमी काही महिने दारात ताटकळली.

स्नोडेनचे टपाल ज्या लव्हाबिट नावाच्या सेवेतून जाई तिचा मालक लॅडार लेव्हिसन हा टेक्ससमधील डलास येथला तिशीतला तरुण होता. २००४ मध्ये मित्रांसह त्याने हा धंदा उभा केला होता, आणि २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याची सुमारे ४,१०,००० गिऱ्हाइके झाली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर अडकून पडलेल्या स्नोडेनने मानवी हक्कांच्या संस्थांना भेटीस बोलावले ते लव्हाबिटच्या पत्त्यावरून, हे वर्तमानपत्रांतून जगाला कळले. सरकारला त्या आधीच कळलेले होते. २८ जून रोजी व्हर्जिनियातील न्यायालयाचा पहिला हुकूम निघाला होता, की एका खातेदाराच्या पत्रव्यवहाराची बाह्य माहिती, म्हणजे कोणाकडून, कोणास, केव्हा, एवढी टिपून द्यावी. लेव्हिसनने टाळाटाळ केली. तेव्हा मागणी वाढली: आता सरकारला हवी होती ती त्याच्या यंत्रांची खासगी किल्ली, जिच्या योगे गिऱ्हाईक आणि यंत्र यांच्यामधली सबंध वाहतूक उलगडता येते. झडती एका बिऱ्हाडाची, पण चावी मागितली ती चाळीच्या सर्व बिऱ्हाडांची, असा हा प्रकार होता. आणि आपण फक्त त्या एका बिऱ्हाडातच जाऊ असे सरकारी वकिलांचे आश्वासन होते. शिवाय या गोष्टीची वाच्यता कोणाजवळ करावयाची नाही, अशीही आज्ञा.

१ ऑगस्टला न्यायमूर्ती क्लॉड हिल्टन यांनी त्याची बाजू ऐकून किल्ल्या देण्याचा हुकूम कायम केला. दुसऱ्या दिवशी लेव्हिसनने त्या दिल्या, कागदावर. अकरा पाने, आणि त्यांवर चार पॉइंटाच्या टंकात, म्हणजे औषधाच्या बाटलीतील चिठ्ठीवर असतात त्याहूनही बारीक अशा अक्षरांत, अर्थहीन वर्णांच्या ओळीच्या ओळी. वाचकाने क्षणभर डोळ्यांपुढे आणावे: भिंग घेऊन बसलेला सरकारी नोकर, समोर ती पाने, आणि २,५६० अक्षरे एकेक करून यंत्रात चढवावयाची, त्यात एक चुकले की सर्व फुकट. न्यायालयात सरकारने हीच तक्रार नोंदवली, की हा कागद वाचण्याजोगा नाही. ज्या युक्तीने झिमरमनची संहिता पुस्तकाच्या पानांवरून यंत्रात उतरली होती तिचाच हा उलटा प्रयोग होता. तेथे टंक मुद्दाम वाचनीय केला होता, येथे मुद्दाम अवाचनीय. विनोद उत्तम होता, पण न्यायमूर्तींना तो रुचला नाही. ५ ऑगस्टपासून किल्ली हवी त्या स्वरूपात मिळेपर्यंत रोजी ५,००० डॉलर दंड सुरू झाला.

७ तारखेला लेव्हिसनने किल्ल्या दिल्या. ८ तारखेला त्याने दुकान बंद केले. ज्या किल्ल्या सरकारच्या हाती पडल्या त्या आता कोणत्याच दाराच्या नव्हत्या. गिऱ्हाइकांसाठी त्याने जे चार शब्द मागे ठेवले त्यांत आपण हे का करीत आहोत हे सांगण्याची मुभा आपल्याला नाही, आणि दहा वर्षांच्या कष्टांवर पाणी सोडणे किंवा देशबांधवांविरुद्धच्या गुन्ह्यात भागीदार होणे यांतून आपल्याला निवड करावी लागली, इतकेच होते. लाखो लोकांची पत्रे एका रात्रीत अडकून पडली हीदेखील या शौर्याची एक बाजू आहे; ज्यांची बँकेची कागदपत्रे, मुलांच्या शाळेचे व्यवहार त्या पत्त्यावर येत होते त्यांना न विचारता हा यज्ञ झाला. अपिलाच्या न्यायालयाने पुढच्या एप्रिलमध्ये अवमानाचा ठपका कायम ठेवला.

लव्हाबिटच्या दाराला कुलूप लागताच सायलेंट सर्कल नावाच्या दुसऱ्या एका कंपनीनेही आपली टपालसेवा, कोणताही हुकूम आलेला नसताना, आपण होऊन बंद करून साठवलेले सारे पुसून टाकले. तिच्या संस्थापकांत फिलिप झिमरमन होता. ज्याने ईमेलला पाकीट दिले त्यानेच बावीस वर्षांनी असा कौल द्यावा, की पत्ता बाहेर दिसू दिल्यावाचून ईमेल चालतच नाही आणि पत्ता दिसला की बरेच काही दिसले. आपल्याकडे दुःखद वर्तमानाच्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. ते हाती घेणाऱ्याला अक्षर वाचावे लागत नसे. कार्ड पडवीत आल्याबरोबर घरात रडणे सुरू होई.

पुढच्या वर्षीच, जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्रात एकत्र आलेल्या अँडी येन प्रभृती तरुण शास्त्रज्ञांनी प्रोटॉनमेल सुरू केली. कुलूप लागावे व उघडावे ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या यंत्रावर, कंपनीकडे राहावा तो फक्त गुंतवलेला गुंता, अशी तिची रचना होती, आणि दहा हजारांहून अधिक लोकांनी वर्गणीने साडेपाच लाख डॉलर जमवून दिले. येथे जासूद बऱ्याच अंशी खरोखर निरक्षर झाला. तरी पत्राचा विषय म्हणून जी ओळ लिहावयाची ती या कुलपाखाली येत नाही. आणि पलीकडचा माणूस साध्या टपालपेटीवाला असेल, तर पत्र त्याच्या दाराशी उघडेच जाऊन पडते. २०२१ मध्ये फ्रेंच पोलिसांच्या विनंतीवरून स्विस अधिकाऱ्यांनी पॅरिसमधील एका हवामान चळवळीतल्या कार्यकर्त्याविषयी हुकूम बजावला. मजकूर कंपनीला देता येत नव्हता आणि तिने दिलाही नाही. खाते कोठून उघडले जाते तो जोडणीचा पत्ता मात्र टिपून द्यावा लागला. असे पत्ते आपण सहसा टिपून ठेवीत नाही, हे जे वाक्य कंपनीच्या जाहिरातीत होते ते त्यानंतर हळूच काढण्यात आले.

आमच्या देशात हा प्रश्न दुसऱ्या दाराने आला. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, एका कंपनीच्या स्त्री-कर्मचाऱ्यांविषयी प्रोटॉनमेलमधून अश्लाघ्य पत्रे आल्याच्या फिर्यादीवरून, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती सेवाच देशात बंद करण्याची कारवाई करण्यास केंद्र सरकारला सांगितले. ज्या स्त्रियांच्या वाट्याला ती पत्रे आली त्यांच्या पुढे नऊ न्यायमूर्तींचा निवाडा वाचून दाखवण्याचे धैर्य कोणी करू नये. आणि एका दुष्टाच्या पत्रापायी सर्वांची टपालपेटी उखडण्याचा हुकूम वाचून डलासची ती चाळ आठवू नये असेही होत नाही.

लेव्हिसनचे मौन मात्र बरेच दिवस टिकले. त्याच्याकडे ज्या एका खात्याची मागणी झाली ते कोणाचे, हे त्याला सांगता येत नव्हते. न्यायालयाने खुली केलेल्या कागदपत्रांतही ते नाव जागोजाग काळ्या शाईने बुजवलेले होते. साऱ्या जगाला ठाऊक असलेले हे गुपित सरकारने असे तीन वर्षे काळजीपूर्वक सांभाळले. २०१६ च्या मार्चमध्ये त्या कागदांचा आणखी एक गठ्ठा प्रसिद्ध झाला, आणि तो तयार करणाऱ्या कोणा कारकुनाच्या नजरेतून एक ओळ सुटली. तेथे काळा पट्टा नव्हता. स्नोडेनच्या नावाने सुरू होणारा लव्हाबिटचा पत्ता पानावर स्वच्छ छापलेला होता. लेव्हिसनवरील बंदी त्या दिवशीही उठलेली नव्हती.